कापूस नसलेला अंगरखा

घाटमाथ्यावरच्या एका छोट्या राज्यात मंजाबा नावाचा शिंपी होता. अंगरखे शिवण्याचा मान त्याच्या घराण्याचा. अंग राखतो तो अंगरखा, असं त्याचे पूर्वज म्हणत. दोन कापडांत बोटभर कापूस भरून ते दाट टाके घालत. मग शिंप्यानं स्वतः तो अंगरखा घालायचा आणि राजानं चाळीस पावलांवरून बाण सोडायचा. शिंपी वाचला तर अंगरखा पसंत!

पुढे लढाया थांबल्या आणि दरबारी मंडळींना उकडू लागलं. कापूस आधी निम्मा झाला, मग गेलाच. वर जरीची वेल आली. बाणाऐवजी राजा झेंडूचं फूल फेकू लागला, लोक टाळ्या वाजवू लागले. लग्नात मिरवायचा झुळझुळीत कपडा, एवढाच अंगरख्याचा अर्थ उरला.

अशात शत्रू चालून आला. राजानं दोनशे अंगरखे मागवले. मंजाबानं सवयीनं पातळच शिवले. ते घालून शिपाई मैदानात निर्धास्त उभे राहिले, तेव्हा कुठे मंजाबाला आपण काय केलं ते उमगलं. बोलावं तर डोकं उडणार, गप्प बसावं तर दोनशे घरं उजाड होणार.

नेहमीप्रमाणे पहिला अंगरखा घालून तो समोर उभा राहिला. राजानं फूल उचललं.

"महाराज, फूल नको. बाण मारा."

"वेडा झालास? मरशील की!"

"मरेन. आणि हेही मरतील. आत कापूस नाही. मी शिवलेत ते नुसते सदरे आहेत."

राजाचा हात तलवारीवर गेला. "आजवर का बोलला नाहीस?"

"टाळ्या गोड लागत होत्या, महाराज."

राजानं हातातल्या फुलाकडे पाहिलं. इतकी वर्षं ते फेकणारा तोच होता. त्यानं तलवार सोडली. शत्रू दोन मुक्कामांवर होता.

कापसासाठी राणीनं सगळ्यांत आधी आपली गादी उसवली. घराघरांतून उशा आल्या. ज्याला सुई धरता येत होती तो शिवायला बसला.

दुसऱ्या दिवशी उन्हं कलताना मंजाबा पुन्हा चाळीस पावलांवर उभा राहिला. राजानं बाण सोडला. तो छातीवर बसला आणि कापसात रुतून तिथेच लोंबकळत राहिला.

या वेळी कुणी टाळी वाजवली नाही. दोनशे शिपायांनी अंगरख्यांचे बंद घट्ट आवळले आणि ते खिंडीकडे निघाले.

तात्पर्य: नाव टिकलं म्हणून गुण टिकत नाही; आतून काय गेलं हे ज्याला ठाऊक आहे, त्यानं जिवावर बेतलं तरी ते वेळेत सांगावं.