भिवराच्या करकरत्या वहाणा

एका राज्यात, जिथे नद्या वर्षातून एकदा उलट्या वाहत आणि कुणाला त्याचं नवल वाटत नसे, तिथे उदयकेतू नावाचा राजा राज्य करीत होता. राजा हाताचा सढळ, जिभेचा गोड. पण त्याच्या महाद्वारात माणसं दगड होऊन उभी होती. मुदपाकखान्यातली रंभाई, घोड्यांचा मोतद्दार, दिवे लावणारा, माळी, अशी ओळच्या ओळ. प्रत्येकाचा एक पाय उंबऱ्याबाहेर, एक आत. लोक म्हणत, या राजाची चाकरी जो सोडतो तो दगड होतो. म्हणून सहसा कुणी सोडत नसे, आणि ज्याला अगदीच राहवत नसे तो त्या ओळीत जाऊन उभा राही.

अशा ठिकाणी भिवरा नावाची नावाड्याची पोर खजिन्याची राखणदारीण म्हणून लागली. तुम्ही म्हणाल, नावाड्याच्या पोरीला खजिन्याशी काय करायचंय? खरंय तुमचं. तिला हवी होती नाव, आणि तीही पाण्यावरची नव्हे. डोंगरापलीकडे राणी मेघावती आभाळात चालणारी नाव बांधत होती, आणि सुकाणू धरायला तिला माणूस हवं होतं. भिवरानं तिकडे कधीचा निरोप धाडला होता. आंब्याला मोहर आला, कैऱ्या धरल्या, आंबे खाऊन कोयाही वाळल्या, तरी उत्तर नाही. पोटाला कुठवर दम धरायला सांगायचं? उदयकेतू राजानं विडा पुढे केला. विडा उचलला म्हणजे काम पत्करलं. तिनं उचलला, खाल्ला, आणि राजानं आपल्या अंगावरची शाल काढून तिच्या खांद्यावर घातली.

काम असं होतं. खजिन्यात मोहरांचे सात हंडे होते. उन्हं कलली की ते खणखणत अंगणात फिरायला निघत. त्यांना वळवून तिन्हीसांजेच्या आत तळघरात आणायचं. तिथे एक म्हातारा नागोबा राखणीला असे, तो बोलका होता. भिवराला काम जमू लागलं. मोठा हंडा तेवढा हूड होता.

आठवडाही उलटला नव्हता, तोच एक भारद्वाज पक्षी धुळीनं माखून, पायी चालत, तळघराच्या पायरीशी आला.

“भिवरा कोण?”

“मी.”

“राणी मेघावतीनं विडा धाडला आहे. नाव तयार आहे. सुकाणू तुझं.”

“इतके दिवस कुठं होता तुम्ही?”

“वाटेत.”

“पंख असून चालत आलात?”

भारद्वाजानं लाल डोळे वटारले. “आमच्या कुळात उठसूट उडत नाहीत. लोक आमच्या नुसत्या दर्शनाला शकुन मानतात, आणि तू उशिराचा जाब विचारतेस.”

गावाकडे याच पक्ष्याला कुंभारकावळा म्हणतात, पण ते त्याच्या तोंडावर म्हणायचं नसतं.

सुकाणू भिवराचं. आभाळातली नाव. तिनं हूड हंड्याला मिठी मारली, हंडा लाजून गप्प उभा राहिला. भारद्वाज म्हणाला, “विडा तिसऱ्या सूर्यास्तापर्यंत हिरवा राहील. तोवर राणीच्या सीमेत पाऊल पडलं पाहिजे, आणि राणीची सीमा महाद्वाराच्या उंबऱ्यापाशीच लागते. नाही पडलं, तर विडा वाळेल आणि सुकाणू दुसऱ्याचं होईल.” भिवरानं विडा कनवटीला लावला. लावताना हात शालीला लागला, आणि तिचा चेहरा उतरला. नव्या नवलाईचं काम, भला राजा, आणि दाराशी दगडांची ओळ. आता करायचं काय?

पहिल्या दिवशी तिनं नागोबाला विचारलं.

“राहा,” नागोबा म्हणाला. “एक विडा अजून ओठांवर रंगलाय, तोवर दुसरा? लोक म्हणतील, हिचा पाय एका जागी ठरत नाही. निदान वर्ष काढ. मी तीनशे वर्षं या हंड्यांखाली काढली.”

“कंटाळा नाही आला?”

नागोबानं आपलं वेटोळं सैल केलं. मग म्हणाला, “आजवर कुणी विचारलं नव्हतं.”

दुसऱ्या दिवशी तिनं भारद्वाजाला विचारलं.

“गुपचूप सटक,” तो म्हणाला. “राजाला सांगायला गेलीस तर तो गळ घालेल, आणि तू पाघळशील. चपला हातात घे, पावलं वाजू देऊ नकोस. सगळे तसेच जातात.”

“आणि दगड होतात.”

“त्यातलं मला काही कळत नाही. मी निरोप्या.”

तिसऱ्या दिवशी विचारायला कुणी उरलं नाही, तेव्हा ती भर दुपारी दगडांनाच विचारायला गेली. दगड काय बोलणार? पण भिवरा नावाड्याची लेक. न बोलणाऱ्या पाण्याकडे बघून खोली ओळखायची, हे तिला बापानं शिकवलेलं. तिनं एकेकाला नीट पाहिलं. रंभाईची मान मागे वळलेली, कुणी बघत तर नाही ना. मोतद्दाराचं गाठोडं घोंगडीखाली दडवलेलं. आणि दिवे लावणाऱ्यापासून माळ्यापर्यंत सगळ्यांच्या चपला हातात. पायात एकाच्याही नव्हत्या.

“म्हणजे वहाणा घालून कुणी गेलंच नाही,” भिवरा स्वतःशी म्हणाली, आणि थेट दरबाराकडे वळली.

ती मुजरा करून उभी राहिली. कनवटीचा विडा काढून तिनं राजासमोर धरला. पानाची कड पिवळी पडू लागली होती.

“महाराज, मला दुसरं बोलावणं आलं आहे. मी जाऊ का?”

असं या दरबारात कुणी कधी विचारलं नव्हतं.

राजानं विचारलं, “इथे तुला काय कमी पडलं?”

“काही नाही, महाराज.”

“तिथे काय जास्त आहे?”

“तिथे नाव आहे.”

“आणि मी नको म्हटलं तर?”

“तर राहीन. तुमचं मीठ खाल्लंय. पण लाज वाटते तरी सांगते, माझे डोळे आभाळाकडे असतील आणि पाठ तुमच्या हंड्यांकडे.”

राजानं मान फिरवली. “मी अडवत नाही. पण दारापर्यंत येणार नाही.”

“आला नाहीत तर मी दगड होईन.”

“तुला कुणी सांगितलं?”

“त्यांच्या हातातल्या चपलांनी.”

तेव्हा राजा सिंहासनावरून उठून पायरीवर बसला. म्हणाला, “माझ्या पदरी घोरनाथ नावाचा मांत्रिक होता, माझा जिवलग. एक दिवस निरोप घ्यायला आला. मी रागानं तोंड फिरवलं. तो म्हणाला, तू निरोप दिला नाहीस, आता तुझ्या दारातून निरोपावाचून निघेल तो दगड होईल. मी हे कुणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर एकेक जण विचारायला आला असता, आणि मला हो म्हणावं लागलं असतं. माणसं दगड झाली, पण मी बोललो नाही.” राजा रडत होता.

सूर्य टेकायला आला. भिवरानं हंडे शेवटचे तळघरात नेले, हूड हंड्याच्या कानात दोन शब्द सांगितले, आणि वहाणा पायात घातल्या. कोऱ्या वहाणा, चालताना साऱ्या राजवाड्याला ऐकू जातील अशा करकरत होत्या. राजा तिच्यामागून महाद्वारापर्यंत आला.

तिनं एक पाय उंबऱ्याबाहेर टाकला, मागे वळली आणि म्हणाली, “येते, महाराज.”

राजाला शब्द फुटेना. भिवराची पावलं गार पडली, दगड घोट्यापर्यंत आला, मग गुडघ्यापर्यंत. विडा हातात सुकू लागला. ती घाबरली होती, पण राजाच्या चेहऱ्यावरून तिनं नजर काढली नाही.

“ये,” राजा म्हणाला. “ये हो, पोरी. सांभाळून जा.”

दगड तडकला. तिच्या पायाचा तडकला, रंभाईचा तडकला, ओळीतल्या सगळ्यांचा तडकला. जो तो हातातल्या चपला लपवायला बघू लागला. राजानं एकेकाला जवळ घेऊन विचारलं, “राहतोस की जातोस?” कुणी राहिला. कुणी चपला पायात घातल्या, येतो म्हणाला, आणि राजा प्रत्येकाला ये म्हणाला. रंभाईनं खजिन्याचं काम मागून घेतलं. भांड्यांना वळण लावायचं तिला ठाऊक होतं. नागोबाही सरपटत बाहेर आला आणि जरा नदी बघून येतो म्हणाला.

भिवरा सूर्य बुडायच्या आत सीमेपलीकडे होती. डोंगरावरून नाव सुटली, तेव्हा सुकाणूवर तिचा हात होता आणि नावेच्या पुढच्या टोकाला, नाळेवर, भारद्वाज बसला होता. पुन्हा निरोप घेऊन चालत जायला तो साफ नाही म्हणाला.

पुढच्या साली नद्या उलट्या वाहिल्या, त्या दिवशी राजवाड्याच्या अंगणावर नावेची सावली पडली. हंडे खणखणत धावले. म्हातारा राजा दारात डोळ्यांवर हात धरून उभा राहिला. येते म्हणून गेली होती, आली.

आता आमच्या गोष्टीनंही वहाणा घातल्या. ती येते म्हणते आहे, तुम्ही तिला ये म्हणा.