लॉकरमधली अंगठी

सराफाच्या दुकानात शलाका आणि तिचे बाबा साखरपुड्याची अंगठी बघत होते. होणारे सासरे भाऊसाहेब हटून बसले होते, "आमच्या निनादला तोळ्याचीच अंगठी हवी. नाहीतर साखरपुडा राहू द्या!" बाबांना घाम फुटला. आता ते 'हो' म्हणणार आणि कर्ज काढणार, हे तिला दिसत होतं.

तिने विचारलं, "काका, तुमची अंगठी केवढी होती?"

"दीड तोळा!"

"बघू ना."

"एवढी भारी कोण बोटात घालून फिरतंय? लग्नापासून बँकेच्या लॉकरमध्ये आहे."

"मग निनादलाही तशीच आणू. फक्त साखरपुडा बँकेत ठेवा, म्हणजे मी ती थेट लॉकरलाच घालते."

शेजारी बसलेल्या निनादने सराफापुढे हात धरला. "हलकीच दाखवा. मला रोज घालायची आहे."