प्रत्येक ग्लासात गुलाब

सुमित्राबाईंचे पाय भरून आले होते आणि व्याह्यांचं व्याख्यान काही संपत नव्हतं. नाशिकजवळच्या वायनरीत दोन्ही घरची मंडळी सहलीला आली होती. मनगटाला अत्तर चोळल्याशिवाय उंबरा न ओलांडणारे आप्पासाहेब सगळ्यांना वाइन शिकवत होते. आधी रंग पाहायचा, मग ग्लास फिरवायचा, मग डोळे मिटून वास घ्यायचा आणि घोट अगदी शेवटी.

"गुलाब!" पांढरी वाइन हुंगून ते म्हणाले. लाल वाइनमध्येही त्यांना गुलाबच सापडला. तिसरीतही तोच.

"मला तर पिकल्या जांभळाचा वास येतोय," त्यांची नवी सून केतकी हळूच म्हणाली.

"तुमच्या लेकीला नाकच नाही हो, विहीणबाई!" आप्पासाहेब सगळ्यांदेखत हसले. "माहेरी काही शिकवलेलं दिसत नाही."

केतकीची मान खाली गेली. साखरपुड्यापासून हेच ऐकून सुमित्राबाईंचे कान किटले होते. त्यांनी सुस्कारा सोडला.

"एवढा एक ग्लास ओळखा. मिटा डोळे," त्या म्हणाल्या आणि त्यांनी आप्पासाहेबांच्या हातात ग्लास दिला.

आप्पासाहेबांनी तो ऐटीत फिरवला, नाकाशी नेला. "वा! याला म्हणायचं गुलाब! सगळ्यांत उंची हीच!"

मंडळी खुदखुदली. त्यांनी डोळे उघडले, तर ग्लासात जगमधलं साधं पाणी.

"आधी मनगट धुऊन या, आप्पासाहेब," सुमित्राबाई खुर्चीत टेकत म्हणाल्या. "माझी लेक वाइनच हुंगत होती. तुम्ही मात्र मघापासून स्वतःलाच हुंगताय."