पेल यार्डची बिनदाराची भट्टी

या मंडळी, पिशव्या तेवढ्या बाहेरच्या बाकावर ठेवा. राग मानू नका, इथे माझ्यावरही कुणाचा विश्वास नाही. मी नरहर सबनीस, मूळचा वाईचा. या जिन दारूच्या भट्टीत एकतीस वर्षं काम केलं. आता निवृत्त आहे, पण आपल्याकडचे पाहुणे लंडनला आले की त्यांना फिरवायला मला बोलावतात.

आधी ही चौकट बघा. जाड ओकचं लाकूड, बिजागऱ्या अजून जागेवर, पण दार नाही. जानेवारीतसुद्धा वारा सरळ आत घुसतो, आणि माझे गुडघे दुखतात ते या चौकटीपायीच. नवा मालक आला की पहिल्याच आठवड्यात म्हणतो, इथे दार बसवू या. मग कुणीतरी त्याला टॅबिथा पेलची गोष्ट सांगतं आणि दाराचा विषय तिथेच मिटतो.

गोष्ट अडीचशे वर्षांपूर्वीची, असं सांगतात. पुस्तकवाले म्हणतात की अशी कोरडी, म्हणजे बिनसाखरेची जिन बरीच नंतरची. असेलही. लंडनमधली प्रत्येक भट्टी म्हणते की ही जिन आमच्याकडेच जन्मली, त्यामुळे या बाबतीत मी कुणाचंच खरं धरत नाही. पण गोष्ट ऐकून घ्या.

त्या काळी या गल्लीत घरोघरी जिन गाळत. माल बहुतेक वाईट, त्यात टर्पेंटाइनसुद्धा घालायचे म्हणे, आणि वाईट चव झाकायला वर भरपूर गोडी. गोड असलं की घशाला कळत नाही आपण काय गिळतोय ते. त्यामुळे जो तो दुसऱ्याच्या पेल्याकडे संशयाने बघायचा आणि आपला पेला मात्र रिकामा करायचा.

टॅबिथा ही एकटी विधवा बाई. ती दार लावून जिन गाळायची. मसाला तिच्या कमरेच्या खिशात असे. तेव्हा बायकांचे खिसे म्हणजे घागऱ्याखाली नाडीने बांधलेल्या पिशव्या. त्यात काय असायचं ते या बरण्यांमध्ये आहे, हुंगून बघा. ही काळसर निळी जुनिपरची फळं, आपले वैद्य ज्यांना हपुषा म्हणतात त्यांच्याच जातीतली. हे धणे, हा ज्येष्ठमध, ही लिंबाची साल, आणि हे अँजेलिका नावाच्या वनस्पतीचं मूळ. मागच्या खेपेला एक बाई म्हणाल्या, "अहो, हा तर आमच्याकडचा काढा!" काढाच आहे, फक्त हा घ्या म्हणून कुणाच्या मागे लागावं लागत नाही.

टॅबिथाची सगळी जिन जायची एकाच दुकानात. दुकान तिच्या धाकट्या बहिणीच्या नवऱ्याचं. बहीण ज्युडिथ, तिचा नवरा एमॉस. गल्लीने टॅबिथाची जिन प्यायली ती एमॉसच्या दुकानातूनच, थेट भट्टीवरची कुणी चाखलेली नव्हती.

एका हिवाळ्यात गल्लीतली माणसं पोट धरून लोळू लागली. तिघं गेली. चौथा एमॉस, आणि तो सगळ्यांत जास्त पिणारा. त्याला पुरून आल्यावर ज्युडिथ भर गल्लीत उभी राहिली आणि बहिणीला म्हणाली, "दार लावून काय करतेस तू? तुझ्या खिशात काय असतं, ते सगळ्यांना दाखव."

टॅबिथाने खिसा सोडून दगडावर उलटा केला. धणे पडले, फळं पडली. कुणाचं समाधान झालं नाही. पाहिजे ते आधीच काढून ठेवलं असेल, असं लोक म्हणाले, आणि खरं सांगू, मीही तेच म्हणालो असतो. तेव्हा टॅबिथाने शपथ घेतली. "हे दार मी काढून टाकते. तुमच्यासमोर गाळीन, खिशाशिवाय गाळीन. भांड्यातून बाहेर आल्यावर जिनमध्ये पाण्याशिवाय थेंबभरही काही मिसळणार नाही. पहिला पेला मी पिईन. मेले, तर तुमचं खरं."

दार काढलं. भर दुपारी सगळी गल्ली या चौकटीपाशी जमली, मॅजिस्ट्रेटसुद्धा येऊन बसला. नळीतून पहिली धार आली ती घातक असते म्हणून फेकली, मधली धरली. टॅबिथाने त्यात पाणी घालून पेला रिकामा केला आणि मग तो पेला गल्लीत फिरला. पाइनच्या चिकासारखा उग्र वास, त्यामागून धणे, लिंबाची साल, आणि शेवटी जिभेवर मातकट, कोरडी चव. टॅबिथाला काही झालं नाही, कुणालाच काही झालं नाही. पण एक म्हातारा ओठ चाटत म्हणाला, "ही आमची जिन नव्हे. आमची गोड होती."

"गोड?" टॅबिथा म्हणाली. "मी तर कधी..."

एवढं बोलून तिने ज्युडिथकडे पाहिलं आणि ती थांबली. ज्युडिथचा चेहरा पांढराफटक पडला होता.

टॅबिथाला त्या क्षणी कळलं. दुकानाच्या तळघरात पिंपांमध्ये गोडी घालायचं काम ज्युडिथ करायची. एका फेरीवाल्याकडून तिला फार स्वस्त पांढरी साखर मिळाली होती. ती साखर नव्हतीच. तो शिशाचा क्षार होता, चवीला गोड आणि पोटात विष. ज्युडिथला हे माहीत होतं का? सांगणारे म्हणतात, नव्हतं. मला कधीकधी शंका येते, कारण भर गल्लीत पहिलं बोट तिनेच दाखवलं होतं.

मॅजिस्ट्रेटने विचारलं, "गोडी कोण घालत होतं?"

नवऱ्याला विष देणाऱ्या बाईला तेव्हा जिवंत जाळायची शिक्षा होती. हे तिथल्या प्रत्येक बाईला ठाऊक होतं.

"मी," टॅबिथा म्हणाली. "साखर म्हणून घेतली होती. खोट कळली नाही."

तिला चौकात लाकडी खोड्यात मान अडकवून तीन दिवस उभं केलं. लोकांनी दगड मारले, त्यात एक कान कायमचा गेला. पुन्हा भट्टी लावायची परवानगी मिळाली ती अटींवर. दार कधी बसवायचं नाही. गाळताना अंगावरचे सगळे खिसे शिवून बंद करायचे. आणि ते तपासून शिवायचं काम कुणाकडे? जिचा नवरा गेला तिच्याकडे. तिच्याइतकी कडक नजर दुसऱ्या कुणाची असणार, असं मॅजिस्ट्रेटला वाटलं.

मग बावीस वर्षं, दर भट्टीच्या दिवशी, ज्युडिथ सुई-दोरा घेऊन यायची. बहिणीच्या खिशात हात घालून तळ चाचपायची, तोंड शिवायची आणि निघून जायची. एक शब्द नाही. गल्ली म्हणायची, बघा, अजून माफ केलं नाही तिने.

शेवटच्या वर्षीची एक गोष्ट सांगतात. एका सकाळी सुई ज्युडिथच्या बोटात घुसली आणि ती रडायला लागली. बहिणीच्या चांगल्या कानाशी वाकून म्हणाली, "टॅबी, मी सांगून टाकते सगळ्यांना."

टॅबिथाने मान वर केली नाही. "टाके जवळजवळ घाल," ती म्हणाली. "लोक बघतायत."

आजही या भट्टीत गाळणाऱ्याचे खिसे शिवतात, आणि त्यासाठी बाहेरचं माणूस बोलावत नाहीत, घरचंच येतं. शिवताना दोघांनीही बोलायचं नाही, एवढाच नियम. माझे खिसे एकतीस वर्षं माझ्या बायकोने, कुंदाने शिवले. तळापर्यंत चाचपल्याशिवाय तिने एकदाही टाका घातला नाही, आणि काही सापडलं असतं तर तिने काय केलं असतं, हे मी तिला कधी विचारलं नाही.