बाई धार काढायला शिकल्या

ही गोष्ट खूप जुनी आहे. तेव्हा रस्ते नव्हते, दऱ्या मात्र आजच्याइतक्याच खोल होत्या.

अशाच एका दरीच्या अलीकडे एक गाव होतं आणि पलीकडे त्या गावाची शेतं. मधे दोरांचा झुलता पूल. पावसात दोर कुजत, म्हणून दर उन्हाळ्यात नवे वळावे लागत. असा दोर वळणं गावात एकाच बाईंना येत होतं. त्या एकट्या किती वळणार? म्हणून त्या मुलांना शिकवत.

पहिल्या वर्षी मुलं बोलवायच्या आधी येऊन बसत. तिसऱ्या वर्षी ती जांभया देऊ लागली. चौथ्या वर्षी एक मुलगी तर शेळी घेऊनच येऊ लागली. बाई विचारत, "समजलं?" सगळ्या माना डोलत. दोर मात्र ताणला की सुटे.

एक दिवस बाई पाटलांकडे गेल्या.

"पाटील, मी हे गाव सोडते. शेजारच्या खोऱ्यातून बोलावणं आलंय. तिथली मुलं शिकायला आतुर आहेत म्हणे."

"आणि आमचा पूल? पेरणीला पलीकडे जायचं कसं?"

"ते मुलांना विचारा. मी दगडांना शिकवलं असतं, तर निदान दगडांनी जांभया दिल्या नसत्या."

पाटील हसले नाहीत. "जा," ते म्हणाले. "पण रीत पाळून जा. शिकवणारा गाव सोडतो, तेव्हा आधी एक दिवस आपल्या शिष्याकडून काहीतरी शिकतो. मग आम्ही निरोप देतो."

"यांच्याकडून? काय शिकू, जांभया?"

पण रीत ती रीत. बाईंनी मुद्दाम शेळीवालीला निवडलं. हिच्याकडे शिकण्यासारखं काय असणार, लवकर आटपेल, असा त्यांचा हिशोब.

मुलगी म्हणाली, "मी तुम्हाला धार काढायला शिकवते."

बाईंनी जन्मात शेळीला हात लावला नव्हता. मुलगी त्यांच्याकडे पाठ करून बसली, भराभर धार काढली आणि मान वळवून म्हणाली, "समजलं?"

बाईंना तिच्या पाठीशिवाय काहीच दिसलं नव्हतं. तरी त्यांची मान डोलली. आपली मान डोलली हे लक्षात आलं, तेव्हा त्या दचकल्या.

"मग काढा."

बाईंनी दाबलं, ओढलं, पुन्हा दाबलं. थेंब नाही. शेळीने वळून त्यांच्याकडे पाहिलं, पाहुण्याला पाहावं तसं.

मुलीने लांबलचक उसासा टाकला. "इतकं सोपं आहे! ही बोटं आहेत की गवारीच्या शेंगा? लक्ष कुठे असतं तुमचं?"

बाकीची मुलं खुदकन हसली. बाईंचे कान तापले, हात आणखी गोंधळले, शेळीने लाथ झाडली आणि भांड्यातलं दूध मातीत गेलं.

"राहू द्या. तुम्हाला नाही जमायचं," म्हणत मुलीने भांडं ओढून घेतलं आणि राहिलेली धार स्वतःच काढू लागली.

आता बाईंना करण्यासारखं काही उरलं नाही. आणि त्यांना जांभई आली. चांगली डोळ्यांत पाणी आणणारी.

त्या ताडकन उठल्या. "मोठ्या माणसांशी असं बोलतात? कुणी शिकवलं तुला?"

मुलगी बावरली. तिच्या चेहऱ्यावर खोडी नव्हती. "तुम्हीच, बाई. शिकवताना असंच बोलायचं असतं ना?"

मागून एक मुलगा मदतीला धावला. "तिचं बरोबर आहे, बाई. गवारीच्या शेंगा तुम्ही मला म्हणाला होता."

बाई मटकन खाली बसल्या. चार वर्षांत मुलांनी त्यांच्याकडून एकच गोष्ट पक्की उचलली होती, आणि ती दोर वळणं नव्हती.

मग बाई हळूच म्हणाल्या, "मला दिसलंच नाही गं. तू पाठमोरी होतीस."

"मग बोलला का नाहीत?"

"तू उसासा टाकशील म्हणून."

मुलं एकमेकांकडे बघू लागली. मुलगी सरकून बसली आणि तिने शेजारी जागा केली. "या, इथून बघा. वर अंगठा घट्ट धरा, मग एकेक बोट मिटा. घाई नाही."

दिवस कलला तेव्हा भांड्यात ओंजळभर दूध होतं. बाई ते पाटलांना दाखवायला गेल्या. "पाटील, मी राहते."

"मला काय सांगता? त्यांना विचारा."

बाईंनी मुलांना विचारलं. मुलांनी आपापसात बरंच कुजबुजून घेतलं. शेवटी मुलगी म्हणाली, "राहा. पण आम्ही 'नाही समजलं' म्हणालो, तर उसासा नाही."

दुसऱ्या दिवशी बाई मुलांच्या रांगेत, त्यांच्या शेजारी बसून दोर वळू लागल्या. त्या दिवशी 'नाही समजलं' इतक्या वेळा ऐकू आलं, की बाईंना धडकीच भरली. हे सगळे 'नाही' चार वर्षं होते कुठे?

पावसाच्या तोंडावर पूल तयार झाला. गाठी ओबडधोबड होत्या. पाटील बियाण्याचं पोतं पाठीवर घेऊन सर्वांत आधी निघाले, आणि पूल हलला, पण सुटला नाही.

शिष्यांचं मन उडालं म्हणून शिकवणं सोडण्याआधी, गुरूने एकदा त्यांच्या जागी बसून पाहावं.