त्याच पायरीवर

फार फार वर्षांपूर्वी एका गावात एक तांबट राहत होता. गावाचं नाव मला ठाऊक नाही आणि तुम्हीही विचारू नका. अशी माणसं गावोगावी असतात.

तांबटाचा हात मोठा नामी. घागरीवर तो हातोडीचे ठोके घाली, ते सगळे सारख्या अंतरावर आणि सारख्या जोराचे. "ठोका चुकला की भांडं वाया," असं तो म्हणे, आणि भांड्यांपुरतं ते खरंच होतं.

दर अमावास्येला त्याची भट्टी बंद असे. त्या दिवशी तांबट, त्याची बायको, थोरली मुलगी आणि धाकटा मुलगा डोंगरातल्या तळ्यावर जात. दर खेपेला तोच डोंगर आणि तेच तळं. तरी मुलं आदल्या दिवसापासून नाचत असत, ती त्यांच्या आईमुळे.

एखाद्या खेपेला ती म्हणे, "आज वाट धाकटा दाखवील. तो चुकला तर आपण सगळेच चुकू." मग चौघंही करवंदीच्या जाळीत अडकत आणि ओरखडे मोजत बाहेर येत. कधी म्हणे, "मागच्या खेपेला नव्हतं असं काहीतरी ज्याला आधी दिसेल, त्यानं आज जेवायची जागा ठरवायची." झालं, पोरं प्रत्येक झुडपात डोकावत चालत. कुणाला सुगरणीचं घरटं दिसे, कुणाला सापाची कात.

तांबट मागून कुरकुरत येई. "अगं, सरळ वाट सोडून हे काय? उशीर होतोय."

"अहो, तळं कुठं पळून जातंय?" ती म्हणे. "पोरं मात्र मोठी होतायत."

एका पावसाळ्यात तापाचं निमित्त झालं आणि ती गेली. घर ओकंबोकं झालं. तांबट मुलांसमोर रडला नाही, पण त्याला एकच धास्ती लागून राहिली. मुलं लहान आहेत, आईला विसरतील. म्हणून त्यानं मनाशी ठरवलं, की अमावास्येची सहल मोडायची नाही. तिच्यासोबतची शेवटची सहल जशी झाली, तशीच्या तशी दर वेळी करायची.

तांबट शब्दाला पक्का होता. तेव्हापासून ठरलेली सरळ वाट, तळ्याची ठरलेली पायरी आणि दशम्यांबरोबर लसणाची चटणी. जेवण झालं की आईची एक आठवण, तीही त्याच शब्दांत.

सुरुवातीला धाकटा विचारी, "बाबा, आज ओढ्यातनं जाऊ या का? मी वाट दाखवतो."

"नाही. आपली वाट ठरलेली आहे."

थोरली म्हणे, "मग जेवायला तरी पलीकडच्या जांभळीखाली बसू."

"तुझी आई इथं बसली होती."

आईचं नाव काढलं की पोरांची तोंडं बंद होतात, आणि आपण समजतो की त्यांना पटलं.

पुढं दर अमावास्येला धाकट्याचा पाय दुखू लागला. संध्याकाळी तोच पाय विटीदांडू खेळताना छान पळे. तांबटाच्या हे ध्यानात आलं तेव्हा तो म्हणाला, "आईसाठी एवढंही होत नाही तुझ्यानं?" त्यानंतर धाकटा निमूट येऊ लागला. थोरली दशम्यांचं गाठोडं घेऊन मागून चाले. दोघंही इकडंतिकडं बघत नसत. तांबटाला वाटलं, पोरांना वळण लागलं.

वर्षं गेली. धाकटा धंद्यासाठी दूर गेला, तो सणावारालाही क्वचितच येई. थोरलीचं लग्न झालं. तांबट एकटाच तळ्यावर जाऊन त्या पायरीवर बसू लागला.

एकदा थोरली माहेरी आली. तांबट हरखून म्हणाला, "उद्या अमावास्या आहे. आपण दोघं तळ्यावर जाऊ."

तांदूळ निवडता निवडता तिचे हात थांबले. "तुम्ही जा बाबा. मी नाही येत."

"का गं? विसरलीस आईला?"

"विसरू नये म्हणूनच येत नाही," ती म्हणाली. "चुलीपाशी बसले की मला आई हसताना दिसते. तळ्यावर मात्र ती तापानं डोळे मिटून बसलेलीच दिसते. त्या शेवटच्या खेपेला तिच्यानं चालवत नव्हतं, म्हणून आपण सरळ गेलो. पाय उचलेनात, म्हणून पहिल्याच पायरीवर टेकलो. ती बरी असताना आपण एका जागी दोनदा कधी बसलो होतो का, बाबा?"

तांबट आठवत राहिला. तसं कधीच झालं नव्हतं.

"मग तेव्हा का नाही बोललीस?"

"बोलत होतो की. तुम्ही ऐकत नव्हता."

तांबटाला वाईट वाटलं, फार वाईट वाटलं. लेकीपुढं तो पहिल्यांदाच रडला. तिनं त्याचे डोळे पुसले, पण दुसऱ्या दिवशी ती गेली नाही ती नाहीच.

तांबट एकटा निघाला. आयुष्यात पहिल्यांदा त्यानं आपणहून सरळ वाट सोडली आणि तो ओढ्यात उतरला. थोडं पुढं एका दगडावर मोठं कासव ऊन खात बसलं होतं. इतकी वर्षं या डोंगरात येऊन त्यानं तिथं कासव कधी पाहिलं नव्हतं. "अरे, ते बघा," असं म्हणत तो मागं वळला.

मागं कुणीच नव्हतं. कासव पाण्यात उतरून गेलं, आणि म्हातारा तिथंच गुडघाभर पाण्यात कितीतरी वेळ उभा राहिला.

तात्पर्य : मुलांना पुन्हा पुन्हा त्याच जागी खुशाल न्यावं, पण दर खेपेला तिथं त्यांना काहीतरी नवं शोधू द्यावं, नाहीतर जागा तेवढी राहते आणि सोबत निघून जाते.