हौसाईचं ऊन

ए पोरी, त्या उशीवरून ऊठ आधी. बसायला अख्खं अंगण पडलंय, आणि तुला नेमकी तीच सापडली? आज किंक्रांत, आज त्या उशीवर फक्त ऊन बसतं. हौसाईचं ऊन. कोण हौसाई? घ्या! पोखरधारात जन्मलीस आणि हौसाई ठाऊक नाही. ये, अशी जोत्यावर बस. त्या शेळीवर एक डोळा ठेव, आणि तुम्हीही ऐका सगळे.

लई वर्षं झाली याला. तेव्हा घाटात गाडीरस्ता नव्हता. हिवाळ्यात ढग धारेवरून उतरायचे ते थेट माजघरात शिरायचे. अशा या गावात कोंडाबाईच्या घरी सून आली, तिचं नाव हौसा. कोंडाबाई तोंडाची फटकळ, पण तिच्या दारातून कुणी उपाशी गेलं नाही. लग्न झालं, हळद उतरली, आणि मग तिला कळलं की सून पायाळू आहे. पायाळू म्हणजे डोक्याऐवजी पायाकडून जन्मलेली. अशा माणसावर वीज पडते, ही आपल्याकडची जुनी भीती. तिने सुनेला बजावून सांगितलं, आभाळ भरून आलं की उंबरा ओलांडायचा नाही. आणि जीव लावला अन् ही गेली तर आपलाही जीव जाईल, म्हणून तिने कधी तिला नावाने हाक मारली नाही. नुसतं 'अगं ए'.

पण देव एका हाताने घेतो आणि दुसऱ्या हाताने देतो. कुणाला उसण भरली, कंबरेत चमक निघाली, मान धरली, तर पायाळू माणसाने नुसता पाय लावायचा. हौसाच्या पायाला तर असा गुण, की तीन घाट उतरून माणसं यायची. जुवाखाली मान वाकडी झालेला एक बैल आणला होता म्हणे, तिने अंगठा टेकवला आणि तो गाडी ओढत घरी गेला, असं म्हणतात. कुणी तर सांगतं, देवळातल्या नंदीची मान कलली होती, तीही तिनेच सरळ केली. आता देवाच्या नंदीला कुणी पाय लावेल का? पण म्हणतात बाई, मी काय बघायला गेले होते?

एका पौषात कोंडाबाईलाच पडसं झालं. साधं नाही, नाक-डोळे वाहणारं, रात्रभर बसवून ठेवणारं. तशात एक शिंक अशी आली की मानेत कळ गेली आणि मान धरली ती धरलीच. डावीकडे वळेना, उजवीकडे वळेना. पडसं शिंकायला लावी आणि शिंक मानेत सुरी फिरवी. घोट गिळवेना, डोकं टेकवेना, झोप नाही. दिवसामागून दिवस गेले आणि म्हातारीचं पार चिपाड झालं. गावातल्या बाया दारात येऊन हळू आवाजात बोलू लागल्या. असं हळू कधी बोलतात, ते तुम्हाला कळतं.

आता गंमत बघा. मान सोडवणारा पाय घरातच. पण सासूच्या मानेला सुनेने पाय लावायचा? कोंडाबाई म्हणाली, मरेन पण हे नको. बाया हौसाच्या कानाला लागल्या, डोळा लागला की हळूच टेकव, तिला काय कळतंय. हौसा म्हणाली, "तिला नाही कळणार, पण मला कळेल ना. आईच्या मानेवर पाय ठेवून मी कुठे चालू?"

मग पायाने जे होणार नव्हतं, ते तिने हाताने करायला घेतलं. खडेमीठ आणि ओवा तव्यावर गरम केला, फडक्यात त्याची पुरचुंडी बांधली, स्वतःच्या गालाला लावून बघितली आणि मगच सासूच्या मानेला शेकलं. गाडग्यात तुळस आणि गवती चहा उकळून वाफारा दिला. शिंक येतेय असं दिसलं की धावत जाऊन दोन्ही तळव्यांत मान धरायची, हिसका बसू नये म्हणून. मान वळवायला कधी जोर केला नाही. नाक थोडं मोकळं झालं, पेज पोटात जाऊ लागली. पण मान काही सुटेना. राहिली ती उशी. मान धरली की उशी उन्हात टाकायची, हे घरोघरी ठाऊक. पण ऊन होतं कुठे? आभाळ दिवसेंदिवस कोंदलेलं, आणि उशीतला सावरीचा कापूस थंडगार, ओला.

किंक्रांतीच्या सकाळी आभाळ आणखीच काळं झालं आणि अवेळी गडगडू लागलं. हौसाने उशी उचलली, डोक्यावर घेतली आणि उंबरा ओलांडला. अंगणाच्या मधोमध जाऊन उभी राहिली. शेजारपाजारचे ओरडले, पण जवळ जायची कुणाची छाती होईना. ती आभाळाकडे बघून म्हणाली, "माझ्यावर यायचंच आहे तर ये. पण वीज होऊन नको, ऊन होऊन ये."

आत कोंडाबाई दाराकडे पाठ करून बसलेली. मागे वळून बघता येईना. गडगडाट ऐकला, ओरडा ऐकला, आणि काय झालं ते तिला न बघताच समजलं. तिच्या तोंडून हाक निघाली, "हौसा! घरात ये गं, हौसा!"

पहिल्यांदाच नाव घेतलं बाईने.

आणि असं म्हणतात, की त्याच घडीला आभाळ फाटलं. वीज आली नाही. ऊन आलं, आणि ते या एवढ्याशा अंगणापुरतं. आजूबाजूला सगळा अंधार, आणि मधे हौसा डोक्यावर उशी घेऊन उभी, उन्हात न्हालेली. उशी तव्यासारखी तापली. तिने ती आत नेली, सासूच्या मानेखाली सारली, आणि कोंडाबाई दुसरा दिवस उजाडेपर्यंत झोपली.

जागी झाली तेव्हा मान सुटली होती. तिने सगळ्यात आधी ती सुनेकडे वळवली. मग उठून बसली आणि सगळ्या आळीदेखत वाकून हौसाच्या पायांवर डोकं ठेवलं. हौसा पाय मागे घेत होती, पण म्हातारीने धरून ठेवले. म्हणाली, "मानेला तुझा पाय चालला नाही, कपाळाला चालू दे." नंदीचं खरं-खोटं तुमचं तुम्ही ठरवा, पण एवढं मात्र झालंच असणार, असं मला वाटतं.

हौसाईला जाऊन किती पिढ्या झाल्या, कोण मोजतंय? पण पोखरधारात अजून पडशात कुणाची मान धरली की मीठ-ओव्याची पुरचुंडी बांधतात, आणि ती आधी स्वतःच्या गालाला लावून बघतात. आणि किंक्रांतीला प्रत्येक सासू सुनेची उशी आपल्या डोक्यावर घेऊन अंगणात आणते आणि तिला नावाने हाक मारते. त्या दिवशी ऊन पडलं नाही, असं आजवर झालेलं नाही म्हणे.

मी नवी नवरी होते तेव्हा माझी सासू माझी उशी घेऊन या उंबऱ्यातून बाहेर आली होती. माहेर सोडून आलेली पोर मी, त्या एका हाकेवर या घरात रुजले. हौसाईचे उपकार फिटायचे नाहीत.

ही उशी माझ्या सुनेची, आमच्या वंदनाची. उलटते जरा, दुसरी बाजू अजून गार आहे.